अकरा सेकंदांच्या अक्षता

पनवेलला कोणी मुद्दाम जात नाही, पनवेलवरून जातात. कोकणात उतरणारे, गोव्याला पळणारे, पुण्याहून मुंबई गाठणारे, सगळे इथे चहाला थांबतात आणि घरी फोन करून सांगतात, "पनवेल आलं, पोचतोच." मीही जन्मभर तेच केलं. यंदा मात्र पनवेललाच उतरलो आणि पाच दिवस राहिलो. परत आल्यावर बायकोने विचारलं, "काय पाहिलंत तिथं?" मला धड सांगता येईना. दमलोही होतो. म्हणून आता सवडीने लिहून काढतोय.

मी मिरजेचा. लग्नाचे व्हिडिओ काढण्यात पस्तीस वर्षं घालवली. घरात एक लोखंडी कपाट आहे, त्यात हार्ड डिस्क भरल्यात, आणि त्या कपाटावरून घरात रोज एक तरी खटका उडतो. मुलगा म्हणतो, "बाबा, लोकांची लग्नं आपण का सांभाळायची? त्यातली निम्मी मोडली असतील." बायकोला त्या जागी शिवणाचं मशीन ठेवायचंय. दोघांचंही चूक नाही.

आणि या धंद्यात ज्याने त्याने मला आश्वासनंच दिली. मोठ्या कॅसेटी होत्या तेव्हा सांगितलं, छोट्या घ्या, चित्र तेच राहील. ते राहिलं नाही. मग सीडी आली. विकणारा म्हणाला, "शंभर वर्षं बघायला नको." मिरजेच्या सातव्या पावसाळ्यात त्या सीड्यांचे पापुद्रे निघाले. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी येऊन सांगून जायचा की व्हिडिओ निम्म्या जागेत मावेल, पाव जागेत मावेल, आणि काही म्हणजे काही जाणार नाही. मी कानाला खडा लावला होता. तेवढ्यात नझीरचा फोन आला.

"शशी, या वेळी खरंच आलंय यार. शंभर डिस्कांचा माल एका डिस्कमध्ये. आणि काही जात नाही."

मी म्हटलं, "नझीर, काही जात नाही म्हणणारा आला, की आपलं काहीतरी घेऊन जातो."

"मग येऊन भांड ना त्याच्याशी. बुधवारी डेमो आहे."

बुधवार

नझीर पनवेलचा कोकणी मुसलमान. दोघे भाऊ कुवेतला गेले, हा कॅमेरा धरून इथेच राहिला. तरुणपणी आम्ही मुंबईत एकाच उस्तादाकडे कॅमेऱ्याचं काम शिकलो, तेव्हापासूनची दोस्ती. मोठं लग्न असलं की दुसऱ्या कॅमेऱ्याला तो मला मिरजेहून बोलवायचा. त्याचं दुकान तलावाजवळच्या गल्लीत, घर वरच्या मजल्यावर. आता ती इमारत पाडून नवी बांधायचीय आणि महिनाअखेरीस दुकान रिकामं करायचं होतं. नवी जागा म्हणजे नवीन पनवेलात जेमतेम टेबल मावेल एवढा गाळा. भिंतभर डिस्कांचं काय करायचं, हा त्याचा प्रश्न होता.

जेवायला रेहानाभाभींनी तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि नारळाच्या रसातलं पापलेट केलं होतं. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या की" असं तीनदा म्हणतात आणि तो तीनदा नाही म्हणतो. इथे विचारतच नाहीत, सरळ ताटात पडतं. मी ज्वारीच्या भाकरीचा माणूस, पण चार संपवल्या.

डेमो नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये होता. साठेक फोटोग्राफर जमले होते, तळोजा, उरण, रोडपाली, सगळीकडचे. पनवेलच्या त्या घामट उकाड्यात सॉफ्टवेअर विकणारा पोरगेला माणूस ब्लेझर घालून उभा होता. मला आधी त्याची दयाच आली. कारण समोर बसलेले सगळे माझ्यासारखेच पोळलेले होते आणि त्याला सोलायलाच आले होते.

तळोज्याचे एक तांबे म्हणाले, "साहेब, आमच्याकडं कंपन्यांच्या धुरानं डोंगर आधीच कॉम्प्रेस झालाय. तो परत मोठा करून द्याल का?" हॉल हसला. उरणचा एक कोळी फोटोग्राफर उठला, "दादा, पान्याचा शॉट दाकव. लाट फाटली नाय पायजे." त्याला पाण्याचा शॉट दाखवला. लाट फाटली नाही. कोळीबुवा डोळे बारीक करून खाली बसले.

मग मी उठलो आणि म्हटलं, "अक्षता टाकून बघू."

हे बाहेरच्याला सांगायला हवं. लग्नात शेवटचं 'सावधान' झालं की हजारो दाणे एकदम हवेत उडतात. प्रत्येक दाणा वेगळा, प्रत्येकाची वाट वेगळी. तिथे भलीभली यंत्रं लटपटतात. चित्राचे चौकोन चौकोन पडतात आणि नवरा-नवरी बिस्किटांची होतात. म्हणून आमच्या धंद्यात नवा कॅमेरा असो की नवा टीव्ही, आधी अक्षता टाकून बघायच्या. माझ्या पेनड्राइव्हमध्ये त्यासाठी एक तुकडा कायमचा ठेवलेला आहे. अकरा सेकंदांचा. नझीरसोबत पनवेलजवळच्या एका गावात आगऱ्यांच्या लग्नाला मी दुसरा कॅमेरा धरला होता, तेव्हाचा. एवढ्या दाट अक्षता मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. वीस वर्षं तो तुकडा मी हजार वेळा तरी पाहिला असेन.

ब्लेझरवाल्याने तो घेतला, आवळला, आणि पडद्यावर जुनं डावीकडे, नवं उजवीकडे लावलं. सगळा हॉल पुढे सरकला. मी तर चष्मा पुसून पडद्याला नाक लावलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात बघत होतो, चौकोन पहिल्यांदा तिथे पडतात. पडले नाहीत. दाणा न् दाणा मोकळा. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. तांबेंनीसुद्धा.

नझीर माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "कर."

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. शंका घेऊन घेऊन मी कंटाळलो होतो. एकदा तरी कोणीतरी खरं बोलावं आणि आपण मुकाट घरी जाऊन कपाट रिकामं करावं, एवढीच माझी इच्छा उरली होती.

गुरुवार, शुक्रवार

दोन दिवस नझीरच्या दुकानात मशीन घरघरत होतं. त्याने एकाऐवजी तीन मशीनं जोडली होती. आमचं काम डिस्क लावायची, काढायची, नवी फाइल तपासायची. तपासायची म्हणजे काय, प्रत्येक लग्न उघडायचं, उडी मारून अक्षतांपाशी जायचं, कोपरे बघायचे, ठीक आहे म्हणायचं, पुढचं. दोन दिवसांत शेकडो लग्नं बघितली आणि एकाही नवरीचं तोंड आठवत नाही.

शुक्रवारी नझीर जुम्म्याच्या नमाजला गेला आणि मी पाय मोकळे करायला रिक्षा केली. म्हटलं, ते अक्षतांचं गाव बघून येऊ. नझीर म्हणाला होता की गाव विमानतळात गेलं, पण जागा तर असेल. रिक्षावाला त्याच गावातला निघाला. एका लांबलचक भिंतीपाशी त्याने रिक्षा थांबवली.

"हितंच व्हता गाव. त्या तिकरं, विमान उतरतंय ना, तितं देऊल. आमी सगली उटलो."

"आणि टेकडी होती ना एक?"

"ती बी उटली," तो म्हणाला.

भिंतीच्या अलीकडे खाडीकाठच्या खाजणातलं काळं पाणी, कांदळवनाचा एक पट्टा आणि त्यात चार बगळे. लांबवर कर्नाळ्याचा सुळका. भिंतीपलीकडून एक विमान वर चढलं. मी फोटो काढला, त्यात भिंतच आली. ऊन डोक्यात शिरायला लागलं तसा परत फिरलो.

शनिवार

सकाळपर्यंत सगळं काम आटपलं. भिंतभर डिस्कांचा माल एका छोट्या डिस्कमध्ये मावला, आणि तिच्या दोन प्रती केल्या. एक नझीरकडे राहणार, एक खबरदारी म्हणून कुवेतच्या भावाकडे. दुपारी भंगारवाला येणार होता.

नझीर ड्रिल मशीन घेऊन आला.

"हे कशाला?"

"अमानत आहे यार. लोकांच्या लेकीसुनांची चित्रं आहेत. भंगारातून कोणी उचलून चालू केली म्हणजे? मी अशी देणार नाही."

हे मला पटलं. त्याचा हा स्वभाव मला पहिल्यापासून आवडतो. त्याने डिस्क धरायची, मी भोक पाडायचं. प्रत्येकीला तीन भोकं, आरपार. धातूचा कीस नाकात गेला, मनगट भरून आलं. रेहानाभाभी कोकम सरबत घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"एकदा कुणाला दाखवून मग पाडायची होती भोकं," त्या म्हणाल्या. "ज्यांची लग्नं आहेत त्यांना."

"साठ फोटोग्राफरांनी पाहिलंय, भाभी," मी म्हटलं. "त्यांना नाही कळणार तर कुणाला?"

त्या पेले ठेवून वर गेल्या. चार वाजता भंगारवाला तीन पोती घेऊन गेला.

रविवार

परतीची बस दुपारची होती. अकराच्या सुमारास रोडपालीहून वनिताताई आल्या, बरोबर लेक प्राची. वनिताताई आगरी घरातल्या, पन्नाशीच्या. त्यांची आई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवला म्हणजे लग्नाची गाणी गातात आणि ती गाणारी बाई लग्नाचा एकेक विधी गाण्यातून पार पाडते. आमच्याकडे मंगलाष्टकं म्हणणारे भटजी मोबाइलमध्ये बघून म्हणतात. वनिताताईंच्या आईला रात्रभराचं सगळं तोंडपाठ होतं. आता त्या नाहीत. गाव उठायच्या आधी नझीरने त्यांच्या अंगणात बसून तासभर धवला रेकॉर्ड केला होता. वनिताताईंकडची सीडी घर बदलताना हरवली.

प्राचीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. आजीचा धवला मोठ्या पडद्यावर लावायचा, हे ठरलेलंच होतं. पण त्या आल्या होत्या आणखी एका कामाने.

"आजीच्या कपाळावर गोंदण होतं," प्राची म्हणाली. ती मुंबईत नोकरी करते, बोलणं आमच्यासारखंच. "लग्नाच्या दिवशी मला तसंच हळदीने काढून घ्यायचंय. पण आई म्हणते खाली तीन ठिपके होते, मावशी म्हणते पाच."

"तीनच व्हते," वनिताताई म्हणाल्या. "मी मांडीवर बसून बोट लावायची. मला नाय म्हाईत तर कुनाला?"

"आधारकार्डवर बघ म्हटलं मावशीला, तर त्यात कपाळ नुसतं पांढरं झालंय. म्हणून म्हटलं, नझीरकाकांकडे खरं काय ते कळेल."

नझीर खुशीत होता. "बैठो, दाखवतो. आता तर एकदम साफ केलंय." त्याने फाइल लावली. अंगण आलं, केळ आली, धवलारीण आली. आवाज खणखणीत. गाणं सुरू झालं आणि वनिताताईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, भरून आलं.

थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "नझीरभाऊ, ही कोन बाय हाय?"

"अगं, आई आहे तुझी."

"गाना आयचा हाय. लुगडा आयचा हाय. पन ही आय नाय." त्या उठून पडद्यापाशी गेल्या. "कपाल बगा ना."

कपाळ कोरं होतं. गुळगुळीत, एक सुरकुती नाही, एक ठिपका नाही. हनुवटीवरही काही नाही. सत्तरीच्या बाईच्या मानेवर कोणीतरी चाळिशीचं तोंड बसवलं होतं.

मी ब्लेझरवाल्याला फोन लावला. तो रविवार असूनही गोड बोलला. म्हणाला, "सर, सॉफ्टवेअर चेहरा पूर्ण साठवत नाही. चेहरा कसा असतो ते त्याला माहीत आहे, ते परत काढतं. त्यात डाग वगैरे निघून जातात. ते फीचर आहे सर, लोकांना आवडतं."

"तो डाग नव्हता."

"पण सर, तुम्हीच तर चेक केलं होतं."

मी फोन ठेवला. त्याचं काय चुकलं? मी अक्षता मागितल्या, त्याने अक्षता दिल्या. नझीर एकेक फाइल उघडत होता. कुणाच्या गालावरचे देवीचे वण गेले होते, कुणाच्या ओठावरचा व्रण. आम्ही दोघांनी यातली प्रत्येक फाइल बघून 'ठीक आहे' म्हटलं होतं.

"जुनी लावा ना," वनिताताई म्हणाल्या. "पयली व्हती ती."

नझीरने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. त्यानेच सांगितलं. भोकांचंसुद्धा सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पयला घर गेला. मंग गाव गेला. आता आय पन पुसली तुमी."

मला तिथून उठून सरळ बसस्टँडवर जावंसं वाटत होतं. पण जाणार तरी कोणत्या तोंडाने? काहीतरी करायचं म्हणून मी पेनड्राइव्ह काढला आणि माझा तो अकरा सेकंदांचा तुकडा लावला. आपण बुधवारी नेमकं काय बघितलं नाही, एवढं तरी कळावं म्हणून. नझीरच्या मशीनवर तो आवळून घेतला आणि जुना डावीकडे, नवा उजवीकडे लावला, जसा हॉलमध्ये लावला होता तसाच. या वेळी कोपरे सोडले आणि माणसं बघायला लागलो. नवरा. नवरी. मामा. त्यांच्या मागे डाव्या बाजूला, मांडवाच्या खांबाला टेकून एक म्हातारी, तोंड उघडं, गात असलेली.

"थांबा," वनिताताई मागून म्हणाल्या. "मागं घ्या. आय हाय ती."

मी मागे घेतलं. वीस वर्षं, हजार वेळा पाहिलेला तुकडा. ती बाई मी कधी पाहिलीच नव्हती. उजवीकडच्या चित्रात तिचं कपाळ कोरं होतं. म्हणजे बुधवारी साठ कॅमेरेवाल्यांसमोर भिंतीएवढं मोठं होऊन ते पुसलं गेलं होतं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. डावीकडच्या, माझ्या जुन्या चित्रात मात्र कपाळावर काहीतरी हिरवट होतं.

पण काय होतं ते दिसेना. अक्षता आड येत होत्या. इतक्या दाट की चित्र थांबवावं तर एक दाणा कपाळाच्या मधोमध, पुढचं चित्र घ्यावं तर दोन दाणे ठिपक्यांवर. सेकंदाला पंचवीस चित्रं, अकरा सेकंदांची दोनशे पंच्याहत्तर. मी एकेक पुढे ढकलायला लागलो. प्राची माझ्या खांद्याशी वाकून उभी, हातात पेन. नझीर मागे पुटपुटत होता, "या अल्लाह, एक दे, एकच दे." माझी बस गेली असणार, कोणी घड्याळ बघितलं नाही.

दोनशेच्या पुढे कुठेतरी अक्षता विरळ झाल्या. मी बोट उचललं.

कपाळ मोकळं होतं. मध्ये चंद्रकोर, तिच्या पोटात एक टिंब, आणि खाली ओळीने ठिपके. चित्र लहानसं आणि जुनं, पण मोजता येत होतं. प्राचीने तळहातावर पेनने उतरवून घेतलं आणि मोठ्याने मोजलं.

"चार आहेत, आई. तुझंही चुकलं आणि मावशीचंही."

वनिताताई पुढे झाल्या. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, पहिल्या ठिपक्यावर, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. चौथ्यावर बोट तसंच ठेवलं.

"ह्यो मला कवाच नाय लागला," त्या म्हणाल्या. "माजा हातच पोचत नसंल तवा."

"आई, स्क्रीनवर डाग पडतील," प्राची म्हणाली.

"पडू दे," नझीर म्हणाला. "कोणी पुसणार नाही."